शटडाऊन परत कोण करणार?

मित्रांनो, मी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, आणि आज माझ्या सहनशक्तीचा अंत झाला आहे. सुयांनी रिबनवर ठोकून अक्षर उमटवायचं, ही माझी पद्धत. आवाज होतो, मान्य आहे. पण कार्बन घातलेल्या तिन्ही प्रती मी एका ठोक्यात काढतो. आजकालच्या गुळगुळीत प्रिंटरांनी काढून दाखवाव्यात!

माझी उमेदीची वर्षं भिलाईच्या कारखान्यात गेली. स्टोअरचे गेटपास मीच छापायचो. "हा कधी दगा देत नाही," असं साहेब सगळ्यांना सांगायचे. मग एक दिवस त्याच साहेबांनी माझ्यावर खडूनं 'कंडम' लिहिलं. फार वाईट वाटलं. तिथले इलेक्ट्रिशियन कवडू यांनी मला लिलावातून सोडवून जवळच्याच मरोदा वस्तीतल्या बुद्धविहारात आणलं. ते विहाराचे सचिव. तिथे मी लग्नाचे दाखले छापू लागलो. वरची प्रत नवरीला, मधली नवरदेवाला, खालची विहाराला.

गेल्या महिन्यात विहाराचा संगणक बंद पडला. म्हणून आज कवडूंची लेक प्रेरणा आपला नवा लॅपटॉप घेऊन आली. उद्या तिच्या भावाचं, अमरदीपचं लग्न. दाखला आज निघाला नाही तर मला भंगारात द्यायचं, असं तिच्या आईनं, भीमाबाईंनी, सकाळीच जाहीर केलं होतं.

माझी रुंद तोंडाची केबल लॅपटॉपला लागेना. प्रेरणानं बाजारातून जोडकेबल आणली. मग माझा ड्रायव्हर सापडेना, तेव्हा माझ्या चुलतभावाचा चालवून घेतला. दोन तास गेले! शेवटी पडद्यावर माझं नाव आलं. केबल घट्ट बसवायला प्रेरणा माझ्यावर वाकली, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

कारखान्यात यंत्राला हात लावण्याआधी ते बंद करून घेतात. त्याला शटडाऊन म्हणतात. ज्याच्यासाठी तो घेतला, त्यानं 'काम झालं, शटडाऊन परत' असं सांगेपर्यंत कोणी बटन दाबायचं नाही. लेकीची बोटं सापडू नयेत म्हणून कवडूंनी हळूच माझं ऑनलाइनचं बटन बंद केलं आणि खुर्चीत जाऊन बसले. माझा हिरवा दिवा विझला. प्रेरणाचं लक्ष पडद्यावर.

"बाबा, हा ऑफलाइनच दाखवून राहिला. ड्रायव्हर तो सही है!"

"तुह्यं काम झालं का?"

"कुठं झालं? चालूच हाय."

"मंग असू दे."

अहो, असू दे काय? तिनं केबल काढून पुन्हा लावली. ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकला. दर वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर! वर माझ्याच पाठीत थापा. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

अखेर भीमाबाई उठल्या. "ठेवा याले बाहीर. कबाडीवाला येऊनच राहिला."

कवडू ताडकन उभे राहिले. "कावून? मशीन चांगली हाय. हिनंच शटडाऊन परत नाई केला!"

"कोनता शटडाऊन?"

कवडूंनी बटनाकडे बोट दाखवलं. प्रेरणानं कपाळावर हात मारला. "केला बाबा, केला परत!"

कवडूंनी बटन दाबलं, हिरवा दिवा लागला आणि मी सुटलो. अमरदीप आणि सई यांची नावं तिन्ही प्रतींवर ठसठशीत उमटली.

भीमाबाईंनी तो कागद हातात घेतला. मग म्हणाल्या, "बाई, आनखी एक फारम लाव. याच विहारात लागलं आमचं लग्न, पन मले कागद कोनी देल्लाच नाई."

"तारीख?" प्रेरणानं विचारलं.

कवडूंनी ती न अडखळता सांगितली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, रिबन वाळू देऊ नका. मला कंडम ठरवण्याआधी निदान बटन तरी बघा. आणि तुमच्या घरात कोणाचा कागद द्यायचा राहून गेला आहे का, हेही एकदा विचारा. भीमाबाईंनी अडतीस वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं.