दात दाखवा मंडळ

धायरीच्या चंद्रभागाबाईंना साऱ्या पुण्यातल्या तीसेक बायका ओळखत होत्या, पण त्यांचा चेहरा एकीनेही पाहिला नव्हता. पाहिले होते ते फक्त दात.

त्याचं असं झालं, की चंद्रभागाबाईंनी मिश्री सोडायचं मनावर घेतलं. तव्यावर तंबाखू करपवायची, तिची काळी पूड बोटावर घेऊन दातांवरून फिरवायची आणि घटकाभर भिंतीला टेकून स्वर्गात बसायचं, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. शपथा घेऊन तो सुटेना. सुटला तो सून शर्मिलानं फोनवर ग्रुप काढून दिला तेव्हा. ग्रुपचं नाव 'दात दाखवा मंडळ' आणि नियम एकच. सकाळी ऐन मिश्रीच्या वेळेला बोटानं ओठ ओढायचा आणि दातांचा फोटो टाकायचा. चेहरा नको, कारण निम्म्या जणींच्या व्यसनाचा घरी पत्ता नव्हता. फोटो पडला की बाकीच्या तुटून पडत. "कालच्यापेक्षा उजळ." "सुळ्याच्या मागं बघा, तिथं लपलीय." कोणी जय भीम घालून दात दाखवी, कोणी राम कृष्ण हरी म्हणून.

सगळ्यांत आधी फोटो यायचा कसबा पेठेतल्या सुशीलाबाईंचा, उजाडायच्या आत. वरच्या दोन दातांत अशी फट, की त्यातून आख्खी बस वळून जावी. ओठ धरणाऱ्या बोटाचं नख मधोमध उभं चिरलेलं. ती फट आणि ते नख दिसलं, की फडताळातल्या डब्याकडे निघालेला चंद्रभागाबाईंचा हात गुमान मागं फिरायचा.

एका सकाळी फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन लावावा, तर वाजून वाजून थकायचा.

"कसब्याची बाई परत लागली वाटतं मिश्रीला," हडपसरच्या मुक्ताईनं ग्रुपवर लिहिलं. "ती घसरली, तर आपणच काय घोडं मारलंय?" आणि मुक्ताईचेही दात बंद झाले. मग एकेक करत बाकीच्यांचे. दातांच्या जागी गुलाबाची फुलं आणि सुविचार येऊ लागले. मंडळ मेल्याचं याहून ठळक लक्षण नाही. इकडे फडताळातला डबा चंद्रभागाबाईंना नावानं हाका मारू लागला. एका सकाळी तर त्यांनी तवा चढवलासुद्धा. तंबाखूचा पहिला वास उठला आणि त्यांनी गॅस बंद केला. ती बाई सापडली नाही, तर उद्या हा तवा पुन्हा तापणार, हे त्यांना पक्कं कळलं. पायात चपला सरकवून त्यांनी बस धरली.

पत्ता म्हणाल तर एवढाच, की सुशीलाबाईंच्या आवाजी निरोपात मागे तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज असे. म्हणजे कसब्यातली तांबट आळी. तिथं एका दुकानाच्या पायरीवर विमलाबाई नावाच्या बाई घंगाळ घासत बसल्या होत्या. आजूबाजूच्या पायऱ्यांवरही बायका होत्याच.

"सुशीलाबाई कुठं राहत्यात?"

"आडनाव?"

"ते न्हाय माहीत."

"दिसायला कशा आहेत?"

"ते बी न्हाय. दातांत फट हाय."

विमलाबाईंनी घंगाळ खाली ठेवलं. "अहो बाई, इथे लोक माणसं शोधायला येतात. दात शोधायला डॉक्टरकडे जावं."

आता कसब्यात अनोळखी माणसासमोर कोणी उगाच दात काढत नाही. चंद्रभागाबाई तिथंच पायरीवर टेकल्या. "जाते की. पण आमच्या म्हशीला डॉक्टर बी कंटाळले."

"म्हशीला काय झालं?" विमलाबाईंना राहवेना.

"मिश्रीची तलफ. एकदा माझा डबा चाटला, आन् लागली की सवय. मी सोडली, तसं तिचं बी बंद केलं. तर ही बया रुसून सिंहगड रस्त्यावर मधोमध बसली. पार स्वारगेटपत्तुर गाड्या तुंबल्या. पोलीस आले, शिट्ट्या मारून त्यांचे गाल सुजले. ही म्हणती, आधी चिमूटभर द्या. शेवटाला साहेब लोकांनी हात जोडले, आन् तिच्या डोक्यावरनं पूल बांधला. तुम्हाला काय वाटलं, तो गाड्यांसाठी हाय?"

आधी विमलाबाई फिसकन हसल्या. मग शेजारची पायरी, मग समोरची. तांबटांचे हातोडे थांबले, आणि खोटं वाटेल, पण भिंतीला टांगलेली पातेली त्या हसण्यानं आपोआप घुमायला लागली. चंद्रभागाबाई मात्र हसत नव्हत्या. त्या दात बघत होत्या. पानानं रंगलेले, किडलेले, आणि बाई गं, मिश्रीनं काळे झालेले कितीतरी. फट कुठेच नव्हती.

एकच बाई पलीकडच्या दारात तोंडावर हात दाबून हसत होती. खांदे गदगदत होते, पण हात काही हलेना. आणि त्या हाताच्या बोटाचं नख मधोमध उभं चिरलेलं होतं.

चंद्रभागाबाई उठून समोर गेल्या. त्यांनी स्वतःचा ओठ खाली ओढला. खालच्या ओळीतला सोन्याचा दात चमकला.

"धायरी," ती बाई हाताआडून पुटपुटली.

"कसबा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "हात काढा. लावलीत का परत?"

"बोटसुद्धा नाही लावलं. शपथ." हात खाली आला. आत एकही दात नव्हता. "डॉक्टरांनी सगळे काढले हो. हिरड्या भरल्या की कवळी बसवणार. मी दाखवू काय? आणि कवळीचे दाखवले, तर ती फसवणूक नाही का? ती थोडीच काळी पडणार आहे."

"म्हणून फोन बी उचलला न्हाय?"

"बोलताना कळलं असतं. माझं 'स'सुद्धा निसटतं."

"अहो, तुमच्यापायी आख्खं मंडळ बुडालं. माझा तवा तापला होता आज." चंद्रभागाबाईंनी पिशवीतून फोन काढला. "ओढा ओठ."

फोटो गेला. गुलाबी, स्वच्छ, तान्ह्या पोरासारख्या हिरड्या आणि त्यांवर ते चिरलेलं नख. खाली चंद्रभागाबाईंनी लिहून घातलं, 'दात गेले, तरी मिश्री न्हाय.'

मग मुक्ताईनं लिहिलं, "आग लागो माझ्या तोंडाला. उद्यापासून मी आहे." त्यानंतर फोन जो किणकिणू लागला, तो हातात धरवेना. तांबट म्हणाले, असली ठोकाठोक आम्हालाही जमत नाही.

विमलाबाई खांद्यावरून डोकावत होत्या. "आम्हालाही घ्या की. पण पुरावा हवा. त्या म्हशीचे दात दाखवा आधी."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हिरड्या आल्या. मागोमाग हडपसरची मुक्ताई, कात्रज, येरवडा, सगळा जथा. तांबट आळीचे नवे काळे दात आले. चंद्रभागाबाईंकडे म्हैस नव्हती, कधीच नव्हती. पण शेजारच्या भैरूच्या गोठ्यात होती. तिचा ओठ वर करून त्यांनी फोटो पाठवला.

विमलाबाईंचं उत्तर लगेच आलं. "खालचेच दिसतात. वरचे कुठे आहेत?"

"म्हशीला वरचे पुढचे दात नसत्यातच, बाई."

यावर सुशीलाबाईंनी लिहिलं, "मग ती माझ्या बाजूची. घ्या तिला मंडळात."