सुनेच्या नावाचं मलम

शिलाईच्या कारखान्यात काजं-बटणं करणाऱ्या मावशीला दुपारनंतर स्टुलावर नीट बसवेनासं झालं. शेजारच्या मशीनवालीने चेष्टेने विचारलंही, स्टुलाला काटे फुटले का म्हणून. मावशी हसली आणि कापडात मान घातली. खाली आग होत होती, अंगावरून पिवळं पाणी जात होतं, आणि वास यायला लागल्यापासून ती बायकांपासून चार हात लांब बसून डबा खायची.

पाळी जाऊन कैक वर्षं झाली होती, नवरा जाऊनही. या वयात हे दुखणं कुणाला सांगायचं? आणि लाजेहून मोठी होती ती भीती. तिच्या थोरल्या जाऊबाईंना असंच पाणी जायचं. त्यांनी तोंड दाबून सोसलं. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला बोलावलं, आणि त्यानंतर जाऊबाई अंथरुणातून उठल्या नाहीत. मावशीला वाटे, नाव कळलं नाही तोवर रोग नाही. दवाखान्यात जाणं म्हणजे आपणहून वाघाच्या जबड्यात हात घालणं.

खाज असह्य झाली तेव्हा ती औषधाच्या दुकानात गेली. ओळखीच्या दुकानदाराने सहज विचारलं, कुणासाठी हवंय. मागे माणसं उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "सुनेला." त्याने मलम दिलं. मलमाने आग उलट वाढलीच.

पुढे एका संध्याकाळी मुलगा डोकेदुखीची गोळी आणायला त्याच दुकानात गेला आणि तोंड पाडून घरी आला. मावशी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. खोलीचं दार लोटलेलं होतं, पण त्या एवढ्याशा घरात भिंतींना नुसते कान नव्हते, तोंडही होतं. मुलगा ओरडत नव्हता, तेच वाईट होतं. बायकोला मलमाने बरं वाटलं का असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, असं तो सांगत होता. मग आवाज आणखी उतरला. "हे दुखणं आलं कुठून, तेवढं सांग."

सून म्हणत होती, मला काही झालेलं नाही, मी तिथे गेलेच नाही. तो म्हणाला, मग दुकानदार खोटं बोलतो का?

मावशीने हातातलं भांडं खाली ठेवलं. आपण गप्प राहिलो तर आपोआप निवळेल, असं एक मन म्हणत होतं. दुसरं जाणून होतं, की या संशयात ही पोर जन्मभर भाजत राहील. पोटच्या मुलासमोर ते बोलायचं तरी कसं? तिने दार ढकललं.

"ते मलम माझं आहे. लाज वाटली म्हणून तिचं नाव घेतलं."

मुलाने तिच्याकडे बघितलंच नाही. खाली मान घालून तो बाहेर निघून गेला. सून भिंतीशी पांढरीफटक उभी होती. आता ही वाट्टेल ते बोलेल, आणि बोलू दे, असं मावशीला वाटलं. सुनेने एवढंच विचारलं, "कधीपासून?"

मावशीने सगळं सांगितलं, जाऊबाईंचंही. सुनेला राग आला होता आणि तो ती लपवतही नव्हती. ऐकून झाल्यावर म्हणाली, उद्या दोघींनी सुट्टी टाकायची.

दवाखान्यातल्या बाकावर बायका एकमेकींची नजर चुकवत बसल्या होत्या. मावशी उठू पाहतेय हे बघून सुनेने आपली जड पर्स तिच्या मांडीवर ठेवून दिली. आत गेल्यावर मावशीचे पाय घट्ट जुळलेलेच राहिले. डॉक्टरीणबाई घाई न करता थांबल्या, मग तपासलं, हात धुतले. आणि मग म्हणाल्या, "सुनेला जरा आत बोलवा."

घरच्यांना कशाला बोलावतात, हे मावशीला माहीत होतं.

सून आत आली. डॉक्टरीणबाईंनी दोघींना शेजारी बसवलं आणि सांगितलं, जंतुसंसर्ग आहे. पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी, नाजूक होते, तेव्हा असं होऊ शकतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. औषध कसं घ्यायचं ते दोघींच्या कानावर असावं म्हणून सुनेला बोलावलं.

"आणि ते दुसरं?" मावशीने विचारलं. नाव तिने घेतलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. तसं काही दिसत नाही, पण नमुना तपासायला पाठवतेय, अहवाल आल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही, म्हणाल्या.

औषधाने आग ओसरली, वासही गेला. भीती तेवढी राहिली. काजं वाकडी पडायला लागली, मुकादमाने उसवायला लावली. घरी मुलगा आईशी जेवढ्यास तेवढं बोलायचा, आणि सून त्याच्याशी तेवढंही नाही.

अहवाल आणायला सून एकटी गेली. मावशी कारखान्याच्या फाटकाशी वाट बघत राहिली. सून लांबून येताना दिसली, पण चेहऱ्यावरून काही कळेना.

"काही नाही निघालं," जवळ येऊन ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मात्र पुन्हा तपासायचंय."

मावशी पायरीवर बसली. सूनही शेजारी टेकली. मग म्हणाली, "दुखणं कुठून आलं, असं त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं. ते काही मनातून जात नाही, आई."

आज घरी गेल्यावर मीच बोलते त्याच्याशी, असं मावशी म्हणाली. काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. तरी ती उठली, आणि दोघी घराकडे चालायला लागल्या.