एक बोट कमी

नवे राज्यपाल नेमले की पेपरात त्यांचा फोटो येतो. लोक चेहरा बघतात. शिवाजी पेठेतला आकाराम फेटेवाला कपाळाच्या वरचा भाग बघायचा. कापड किती लागेल, केस दाट की विरळ, कानाशी पीळ थांबेल का घसरेल, एवढं त्याला फोटोवरून कळायचं. त्या माणसाचा पक्ष कुठला आणि त्याला इथं का पाठवला, हे पेठेतल्या बाकीच्यांना आपोआप कळायचंच.

कोल्हापुरात मोठा माणूस आला की त्याला फेटा बांधतात, आणि राज्यपालांना बांधायचा तर आकारामलाच बोलावणं यायचं. अशी बरीच डोकी त्याच्या हाताखालून गेली होती. एकांचं डोकं एवढं थोर की पाठीवर सोडायच्या शेमल्याला कापड उरलं नाही. दुसऱ्यांनी सकाळीच कलप लावला होता. तो फेटा पुन्हा पांढरा झाला नाही. तिसरे बांधता बांधता झोपले.

राज्यपालांच्या अधिकारांबद्दल घटनेत बरंच लिहिलंय म्हणतात. आकारामला त्यातलं एकच ठाऊक होतं. शिक्षा माफ करायची झाली तर शेवटची सही या माणसाची.

त्याचा मुलगा राजवीर कळंब्याच्या जेलात जन्मठेप भोगत होता. फुटबॉलची फायनल झाली, हरलेले आणि जिंकलेले एकाच रस्त्यानं घरी निघाले, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. पलीकडच्या गल्लीतला समरजित पडला तो उठला नाही. कुणी दगड म्हणालं, कुणी झेंड्याचा पाईप म्हणालं. कोर्टानं पाईप धरला. पाईप राजवीरच्या हातात होता, हे आकारामनं कधी नाकारलं नाही. एका संध्याकाळी पेठेची दोन पोरं गेली, त्यातलं एक जिवंत होतं, एवढाच फरक. समरजितच्या घरी पुढं लग्नं झाली, पण फेटे बाहेरून आले.

माफीचा अर्ज केलेला होता. तो खालून वर जायचा, वर पोचेपर्यंत राज्यपाल बदलायचे, आणि अर्ज नव्यानं खाली यायचा. म्हणून आकारामनं स्वतःची वाट काढली. फेटा बांधायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ राज्याचा पहिला माणूस कापडाचं एक टोक हातात धरून गप बसलेला असतो आणि त्याचा कान आकारामच्या तोंडापासून वीतभर लांब असतो. मंत्र्यालाही एवढं जवळ जाता येत नाही. शेजारच्या संयोगिताबाई हिंदीच्या शिक्षिका. त्यांनी त्याला एक वाक्य घोटून दिलं होतं: "साहब, मेरा बेटा जेल में है, उसकी माँ बहुत बीमार है, अर्ज आपके पास है."

पहिले म्हणाले, "देखेंगे." ते गेले. दुसरे म्हणाले, "हो जाएगा." तेही गेले. तिसऱ्यांनी झोपेत मान डोलावली, त्यानं फेटा सुटला, पुन्हा बांधावा लागला, आणि आकारामला तेच वाक्य दोनदा म्हणता आलं. घरी येऊन त्यानं बायकोला, शालूबाईला सांगितलं, "ह्यांनी मान हलवली बघ." पुढच्याच महिन्यात ते दुसऱ्या राज्यात गेले. तिथं फेटे बांधत नाहीत.

शालूबाईची किडनी गेली होती. एक दिवसाआड डायलिसिस. पावसाळ्यात डॉक्टरांनी आकारामला बाहेर बोलावून सांगितलं, "दिवाळीपर्यंत धरून चला." डॉक्टर चांगले होते, त्यांनी खोटं सांगितलं नाही. शालूबाईनं विचारलं तेव्हा आकाराम म्हणाला, "दिवाळीपर्यंत फरक पडंल म्हणालं."

तिला एकच पाहिजे होतं. राजवीरनं घरात बसून जेवावं आणि तिनं ते बघावं. जेलातल्या भेटीत मधे जाळी असते.

आणि दिवाळीच्या आत नवे राज्यपाल येणार असं ठरलं. एका शिक्षण संस्थेचा अमृतमहोत्सव होता. आकारामला बोलावणं आलं, ते वर्षाराणी मॅडमकडून. मॅडम संस्थेत प्राध्यापक होत्या आणि कार्यक्रमाचं सगळं त्यांच्याच गळ्यात होतं.

"मामा, ह्या वेळी रेडीमेड फेटा हवाय. शिवलेला."

"रेडीमेड? राज्यपालास्नी? म्याडम, त्यो नाटकातला राजा घालतोय."

"सिक्युरिटीनं सांगितलंय. डोक्याला बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही."

"मी भाईरचा? आवो, तुमचं राज्यपाल भाईरचं. मी हितलाच हाय की!"

मॅडम हसल्या, पण माप लिहिलेली चिठ्ठी त्यांनी पुढं केलीच.

आकाराम घरी आला. शिवलेला फेटा डोक्यावर ठेवायला टाळी वाजवण्याएवढा वेळ लागतो. त्यात कानाशी काही बोलता येत नाही. तो बराच वेळ भगवं कापड मांडीवर घेऊन बसला, आणि मग त्यानं फेटा मापापेक्षा एक बोट कमी शिवला. डोक्यात जाणार नाही, मग हाक मारतीलच. मोकळं कापड काखेत घेऊन आपण पडद्यामागं उभं राहायचं. त्याच्या दृष्टीनं हिशेब पक्का होता. आयुष्यभर त्यानं माप चुकवलं नव्हतं, त्यामुळं चुकलेल्या मापाचं पुढं काय होतं, याचा त्याला अनुभव नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी तो विंगेत उभा राहिला. संस्थेचे अध्यक्ष उदयसिंहराव तरुणपणी लाल मातीत कुस्त्या खेळलेले. त्यांनी फेटा उचलला, राज्यपालांच्या डोक्यावर ठेवला. तो वरच्या वर राहिला, पातेल्यावर लहान झाकण ठेवावं तसा. आकारामनं पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात उदयसिंहरावांनी दोन्ही तळवे लावून फेटा खाली दाबला. फेटा बसला. राज्यपालांच्या भुवया वर गेल्या त्या खाली आल्या नाहीत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"म्याडम," आकाराम घाईनं म्हणाला, "घट बसलाय त्यो. मी बांधून देतो की. दोन मिंटं."

"आता नको हो मामा, फोटो झाले. किती तेज आलंय बघा चेहऱ्यावर!"

तेज आलं होतं खरं. कपाळ लाल झालं होतं.

पुढं भाषणं झाली. संस्थेच्या पंचाहत्तर वर्षांतलं एकही वर्ष कुणी सोडलं नाही. राज्यपालांनी दोनदा फेट्याकडं हात नेला आणि दोनदा खाली घेतला. कोल्हापुरात फेटा स्टेजवर उतरवला तर अपमान समजतात, असं त्यांना गाडीतच कुणीतरी सांगून ठेवलं होतं. माणूस सभ्य असावा. त्यांचं स्वतःचं भाषण दोन वाक्यांत संपलं आणि ते उदयसिंहरावांच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले. काखेतलं कापड तसंच घेऊन आकाराम चालत घरी आला.

घराला कुलूप होतं. शालूबाईला दारापर्यंत चालवत नसे, म्हणून तो घाबरला. दवाखान्यात फोन लावणार, तेवढ्यात रिक्षा थांबली. संयोगिताबाईंनी शालूबाईला दंडाला धरून उतरवलं. ठेवणीतलं लुगडं तिनं नेसलं होतं.

"कुटं गेलतीस?"

"सर्किट हाऊसला," ती धापा टाकत पायरीवरच बसली. "बाई म्हणाल्या, चार वाजल्यापासनं राज्यपाल निवेदनं घेणार हाईत, ज्याला त्याला भेटणार हाईत. म्हटलं, तुमी कानात सांगतासा, मी तोंडावर सांगतो. दोगांनी सांगिटलं तर एक तरी ध्यानात ऱ्हाईल."

"मला का न्हाई सांगिटलंस?"

"तुमी सोडलं असतंसा व्हय मला?"

संयोगिताबाई म्हणाल्या, "आमचा नंबर पुढंच होता, दादा. ह्यांची तब्येत बघून साहेबांच्या माणसानं खुर्ची दिली, अगदी दाराजवळ. म्हणाला, मावशी, पहिलं तुम्हालाच आत सोडतो."

"मग?"

"मग काय," शालूबाई म्हणाली. "आलं ते. गाडीतनं उतरलं, माझ्याकडं बघितलं, हात जोडलं. म्या उठाय लागलो. तर त्येंनी डोकं धरलं दोनी हातांनी आणि आत गेलं. थोड्या वेळानं त्योच साहेबांचा मानूस भाईर येऊन म्हणाला, डोकं लई दुखालंय, उलटी झाली, आज कुणाला भेटणार न्हाईत. समदी माणसं माघारी लावली. एक बाई तर पार बिद्री गावासनं आलती, बिचारी."

आकारामनं कुलूप काढलं. त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला. तिला पाणी मोजून प्यावं लागे. तिनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"म्हातारं मानूस हाय," ती म्हणाली. "उनातान्हाचं फिरवत्यात. मला राग न्हाई आला बघा. त्येंच्या कपाळावर वळ उठलावता, असा, ह्या कानापासनं त्या कानापतुर." तिनं स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवून दाखवलं. मग थांबून तिनं विचारलं, "तुमी लई आवळून बांधला न्हाईसा न्हवं?"

"न्हाई," आकाराम म्हणाला. "मी बांधलाच न्हाई. रेडीमेड हुता."

यात खोटं काही नव्हतं. संयोगिताबाईंनीही मान डोलावली.

"तरीच," शालूबाई म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं. "पुढल्या टायमाला सांगा त्येंस्नी, मीच बांधनार म्हणावं. तुमच्या हाताला कळतंय कुटं सैल सोडायचं." मग ती जरा विचार करून म्हणाली, "पुढलं कवा येतील वो, राज्यपाल?"

"येतील की," आकाराम म्हणाला. "दिवाळी झाली की येतील."

ती हो म्हणाली, आणि उठायला तिनं त्याच्यापुढं हात केला.