चाळणीतून उतरलेल्या सूर्याच्या कोरी

मित्रांनो, राहू गावातल्या जालिंदरआबांच्या घरची मी पत्र्याची जुनी चाळण. दौंडच्या बाजारात एका कारागिराने ठोकून ठोकून मला गोल भोकं पाडली आणि मी ज्वारी-बाजरी चाळू लागले.

आबांना समोरच्या माणसाचं तोंड दिसत नसे. १९८०च्या ग्रहणात त्यांनी उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिलं होतं. तेव्हापासून जिथं नजर लावावी तिथंच काळा डाग. कडेचं तेवढं दिसे. त्यांची लेक नीलम पुढच्या वर्षी जन्मली.

१९९५च्या दिवाळीत, अमावास्येच्या सकाळी, पुन्हा सूर्यग्रहण आलं. आबा दाराला आतून कडी घालून उंबऱ्याशी बसले.

“आबा, मी वर बघणारच न्हाई,” नववीतली नीलम म्हणाली. “सूर्याकडं पाठ करायची आन् भिंतीकडं बघायचं. बाईंनी शिकवलंय.”

“मीबी एकदाच बघतो म्हटलं व्हतं,” आबा म्हणाले. “तुझं तोंड अजून नीट बघितलं न्हाई मी.”

“मग तुम्हीच माझ्याजवळ उभं ऱ्हावा.”

बऱ्याच वेळाने आबांनी कडी काढली. नीलमने अंगणात मला उन्हात धरलं. माझ्या भोकाभोकातून सूर्याची एकेक कोर चुन्याच्या भिंतीवर उतरली. आबांनी मान तिरकी करून कडेच्या नजरेने पाहिलं.

“नखाएवढ्या कोरी हायती की,” ते हळूच म्हणाले. पंधरा वर्षांनी ते ग्रहण पाहत होते.

“अवसंला चंद्र मधी येतो, सूर्य झाकतो,” नीलम सांगू लागली. “पुनवेला पृथ्वीची सावली चंद्रावर पडती, ते चंद्रग्रहण. ते नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी चालतं.”

“मग दर अवसंला का हुत न्हाई?”

“चंद्राची वाट जराशी कलती हाय. सावली बहुतेकदा चुकती. जगात वर्षाला निदान दोन सूर्यग्रहणं हुत्यात, चंद्रग्रहणंबी तेवढीच. पण सूर्यग्रहण थोड्याच मुलखात दिसतं. चंद्रग्रहण, जिथं जिथं रात्र तिथं सगळीकडं. म्हणून आपल्याला तेच जास्त दिसतं.”

आबा उठून गल्लीत गेले. तिथं पोरं डोळे बारीक करून वर बघत होती. “वर बघू नका रं. आमच्या भिंतीपाशी या,” त्यांनी हाक दिली. अंगण भरून गेलं. त्या दिवशी माझं जेवढं कौतुक झालं, तेवढं कधी झालं नव्हतं.

पुढे घरात स्टीलची चाळण आली आणि मी खुंटीला लागले. तरी सूर्यग्रहण आलं की आबा मलाच काढतात. मित्रांनो, ग्रहणाला भिऊ नका, मात्र सूर्याकडे पाठ करूनच ते बघा. माझा गंज राखेने घासून निघतो, डोळ्यांतला डाग निघत नाही.