आतून आलेली टकटक

साहेब, ती टकटक तुम्ही ऐकली होती. कागदावर 'आवाज आढळला नाही' असं लिहिलंत, ते खोटं आहे. मी तुमच्यापासून दोन हातांवर गुडघाभर पाण्यात उभा होतो.

साल अठ्ठावन्न. विजयदुर्गाच्या अलीकडे, आमच्या खडपात, धोंडूची होडी सकाळी पालथी दिसली. लाटेने वर आणून टाकलेली. कडा खडकात रुतलेल्या, तळ आभाळाकडे. शेजारी दोन पेट्या अडकलेल्या, त्या कुणाच्या देव जाणे. तुम्ही कस्टमचे साहेब, म्हणालात, गोव्याचा चोरटा माल. पंचनामा होईपर्यंत होडीला हात लावायचा नाही. पंच देवगडहून यायचे होते.

तेवढ्यात आतून वाजलं. टक टक टक. मग एक.

धोंडू आणि मी वीस वर्षं होड्यांचे सांधे भरले. तो आत, मी बाहेर. फट सापडली की तो तीनदा वाजवायचा, मग एकदा. मी बाहेरून त्याच जागी वाजवून जबाब द्यायचो. तोवर तो थांबायचाच नाही. "बायलेचा तोंड नि माझो हातोडो, दोनय थांबनत नाय," म्हणून हसायचा.

मी दगड घेऊन एकदा वाजवलं. आतून घाईघाईने जबाब आला.

त्याची बायको पद्मावती मासळीची टोपली टाकून धावत आली. "साहेबांनू, माझो घोव जितो आसा! कान लावा वो! भरती इली, हे बारा जण आसत, वासे घालून कड उचलतले, पेट्यो तुमी घेवा, होडी घेवा, माका माझो माणूस देवा..." मधे श्वास नाही.

"बाई, तुमची टकळी बंद करा. लाकडावर पाणी आपटतंय."

"पाणी मोजून आपटता काय रे मेल्या?"

मी वासा उचलला. तुमच्या शिपायाने बंदूक माझ्या छातीला लावली. मी वासा टाकला. हे मी लपवत नाही.

पाणी कमरेला आलं. लाट चढली की आम्हीच भरलेल्या सांध्यातून बुडबुडे फुटायचे. आतली हवा सरत होती. टकटक मंदावली. तीन. बराच वेळ काही नाही. मग एक. पुढे दोनच. पद्मावतीचं बोलणं कधी थांबलं ते कळलं नाही. ती ओठ मिटून मोजत होती. आम्ही सगळेच मोजत होतो, आणि तुम्ही घड्याळ बघत होतात.

मग मोजायला काही उरलं नाही.

पंच दुपारी आले, ओहोटीबरोबर. होडी उलटवली. धोंडूच्या मुठीत खिळा होता. पेट्यांत भिजलेल्या विड्या निघाल्या.

धोंडू आतून वाजवत होता ती फळी माझ्याकडे आहे. एकाच जागी अर्धं बोट खोल खळगा पडलाय. धोंडूने शेवटपर्यंत जबाब मागितला, मी एकदाच दिला. आता तुमची पाळी. ऐकलं होतंत की नाही? लेखी कळवा.