बारावा बिल्ला

तळी तिसऱ्यांदा वर गेली तेव्हा पाच हातांपैकी एक हात खाली आला. ताम्हण कलंडलं, कलशातलं पाणी भंडाऱ्यात सांडलं आणि एक सुपारी घरंगळत देवघराखाली गेली. चौघांनी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हटलं. पाचवा, म्हणजे बबीना छावणीतला नायब सुभेदार हणमंत, भलतंच काहीतरी म्हणाला.

“लट्टू!”

स्वयंपाकघरात काहीतरी पितळी पडलं आणि बराच वेळ गरगरत राहिलं.

“काय म्हणालात?” अनंतरावांनी विचारलं. पंचाहत्तरी ओलांडलेले अनंतराव घरातले थोरले, आणि देव त्यांच्याशीच बोलतो असा त्यांचा समज.

“आमच्याकडं देवाच्या कुत्र्याचंबी नाव घेतात,” हणमंत म्हणाला. कपाळावर भंडारा होता म्हणून बरं, चेहऱ्याचा रंग कळला नाही.

“बघा,” अनंतराव बाकीच्यांकडे वळले. “हे पालीच्या बाजूचे. खंडोबाचं लग्न लागलं तिथले. अस्सल रीत यांच्याकडेच उरली. चला, आपणही म्हणू.”

आणि चंपाषष्ठीच्या भर दुपारी, झाशीच्या लक्ष्मी गेटाच्या आतल्या त्या घरात, पाच जाणत्या पुरुषांनी ताम्हण पुन्हा उचललं आणि ‘सदानंदाचा येळकोट’च्या पाठोपाठ एका आवाजात ‘लट्टू’ म्हटलं.

तळीला पाच पुरुष लागतात. झाशीत पाच मराठी पुरुष एका वेळी, एका जागी, आंघोळ करून मिळणं पूर्वी अवघड नव्हतं. आता दोन घरचे निघत आणि तीन छावणीतून मागवावे लागत, लग्नाला तंबू मागवावा तसे. घरचे म्हणजे अनंतराव आणि शेजारचा जगन्नाथ. जगन्नाथाचे पूर्वज अनंतरावांच्या पूर्वजांबरोबरच घोड्यावरून इकडे आले होते, पण त्याची मराठी वाटेत कुठेतरी उतरली होती. हणमंत यंदा पहिल्यांदाच आला होता. बबीन्याच्या कारखान्यात तो रणगाड्यांची इंजिनं उघडायचा, आणि घरी त्याची एक फळी होती.

फळीवर हिरवी मखमल, मखमलीवर बारा खाचा. अकरा खाचांत अकरा बिल्ले. तो चौथीत असताना रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘बिजलीसवार’ नावाची चित्रमालिका लागायची. ढगांवरून घोडा पळवणारा रणधीर, त्याच्या मागे बसलेली बहीण निम्मी, आणि खाली धावणारा, एक कान मोडलेला कुत्रा लट्टू. अख्खं गाव शाळेच्या एका टीव्हीपुढे बसे. संत्र्याच्या गोळ्यांचे दहा कागद पोस्टाने पाठवले की पांढऱ्या धातूचा एक उठावाचा बिल्ला येई. बाराव्या बिल्ल्यावर तिघं एकत्र होते. तो निघाला आणि मालिका संपली. गोळ्याही संपल्या. हणमंतानं पाठवलेले शेवटचे दहा कागद कुठे गेले ते पोस्टालाच माहीत. तेहतीस वर्षं तो बारावा शोधत होता. पठाणकोटच्या भंगारात, जबलपूरच्या जुन्या बाजारात, सिकंदराबादच्या एका माणसाकडे, ज्याच्याजवळ बारावा नसून अकराव्याला घासून केलेला बारावा होता. त्याची बायको पुष्पा म्हणायची, बढतीची यादी लागते तेव्हासुद्धा हे एवढे बारकाईने बघत नाहीत.

आणि आता तो बारावा ताम्हणात होता, भंडाऱ्यात अर्धा बुडालेला, वर झेंडूची पाकळी.

पंगत बसली. आधी अंगणातल्या दोन कुत्र्यांना रोडगा गेला, तो मान त्यांचाच. मग बकुळाकाकू बाहेर आल्या. अनंतरावांची ही धाकटी भावजय. हातात रोडग्यांची परात आणि पातीचा कांदा घातलेलं वांग्याचं भरीत. पहिला रोडगा त्यांनी जगन्नाथाच्या पानात ठेवला.

“झालं,” अनंतराव म्हणाले. “दर वर्षी हेच. घरातला थोरला मी, आणि पहिला रोडगा जग्गूला. का, तर म्हणे हात त्याच्याकडूनच सुरू होतो.”

“हात त्याच्याकडूनच सुरू होतो,” काकू म्हणाल्या.

“बाटीच तो है, अनंत काका,” जगन्नाथ म्हणाला. “दुसरी भी वैसीच गोल असते.”

काकू हणमंताच्या पानाशी वाकल्या. भरीत वाढताना पळी ताटाच्या काठाला दोनदा लागली. त्यांनी वर पाहिलं नाही.

जेवणं आटोपल्यावर अनंतरावांनी सुपारी कातरायला घेतली. आता टाकाची, म्हणजे ताम्हणातल्या त्या खंडोबाच्या प्रतिमेची, गोष्ट होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही गोष्ट ते दर वर्षी सांगत आणि तिच्यातला घोडा दर वर्षी वीतभर उंच होई.

“आमचे मूळपुरुष फेट्यात देव बांधून निघाले. नर्मदेला पूर. नावाडी म्हणतो, चार दिवस थांबा. यांनी फेट्याला हात लावला, आणि नदी म्हणजे अशी दुभंगली…”

“पिछले साल घुटनेतक उतरली होती,” जगन्नाथ म्हणाला.

“तू गप. पिछले साल मला ताप होता. तर पुढे लढाईत एक गोळी आली, नेमकी फेट्यावर. मागच्या अंगाने. टाकाला लागली आणि परत फिरली. ज्याने झाडली त्याच्याच घोड्याला! त्याने जागच्या जागी बंदूक ठेवली आणि आमच्याकडे नोकरी धरली. खूण आहे अजून.”

ते उठले, देवघरातून टाक उचलून आणला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि थेट हणमंताच्या तळहातावर ठेवला.

“तुम्ही जाणकार. सांगा या पोरांना.”

पोरं म्हणजे छावणीतले दोघे जवान. ते हात धुऊन अदबीने बसले होते.

हणमंतानं टाक उजेडात धरला. हळदीने रेषा भरल्या होत्या, नाकं झिजून सपाट झाली होती, पण घोड्याच्या पायाखाली ढग होते.

“जेजुरीचा गड,” अनंतरावांनी बोट ठेवलं. “नऊ लाख पायऱ्यांचा. मागे म्हाळसा. खांद्यावरून उडतोय तो शेला. कुत्र्याचा कान बघा, लढाईत गेलेला.”

कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर चांदणी होती. हणमंतानं टाक उलटा केला. मागे मधोमध डाळीएवढा खडबडीत डाग होता, पिन जिथे जोडलेली असते तिथे. डागाखाली बारीक ठसा. १२.

“ही गोळीची खूण,” अनंतराव म्हणाले. “आणि बारा म्हणजे बारा पिढ्या. सोनाराला आधीच दिसलं होतं. मी बारावा.”

बोटांना वजन कळत होतं. अकरा बिल्ल्यांचं वजन या बोटांना पाठ होतं. हणमंताच्या तोंडात वाक्य तयार होतं. रोडगा चावतानाच त्यानं ते जुळवून ठेवलं होतं: पुढच्या सुटीत पालीहून अस्सल चांदीचा टाक घडवून, यात्रेत देवाला भेटवून आणून देतो, हा मला द्या. वाक्य चांगलं होतं. त्यात देवाचा अपमान नव्हता, उलट लाभच होता.

त्यानं मान वर केली. स्वयंपाकघराच्या चौकटीत बकुळाकाकू उभ्या होत्या. हातातल्या पळीतून भरताचं तेल फरशीवर ठिपकत होतं. बाकी सगळे टाकाकडे बघत होते. त्या हणमंताकडे बघत होत्या.

“मग?” अनंतराव म्हणाले. “आहे का असा टाक तुमच्या पालीला?”

हणमंतानं मूठ मिटली. उघडली.

“न्हाई,” तो म्हणाला. “आमच्याकडं असा एकबी न्हाई. असा म्या पहिल्यांदाच बघतोय.”

“ऐकलंत!” अनंतराव मांडीवर थाप मारून म्हणाले.

हणमंतानं टाक दोन्ही हातांनी परत दिला. देताना अंगठा कुत्र्याच्या मोडक्या कानावरून एकदा फिरला, तेवढाच.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. जवान पुढे गेले होते, अनंतराव आत आडवे झाले होते, आणि जगन्नाथ गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल पुसत होता. त्याने हणमंताला बसस्टँडवर सोडायचं ठरलं होतं. काकूंनी रोडग्यांचा डबा पुढे केला, पण सोडला नाही.

“लट्टूच ना तो?”

हणमंतानं मान डोलावली.

“मीही बघायचे. रविवारी. सासूबाईंच्या धाकानं स्वयंपाकघराच्या चौकटीतूनच.” त्या हळू बोलत होत्या, जणू आत अजून कुणी झोपलेलं होतं. “एका वर्षी चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी देव घासायला काढले होते. विहिरीच्या काठावर. चिंचेनं हात बुळबुळीत झालेले. खंडोबा हातातून सुटले ते थेट पाण्यात. चांदीचे. गळ टाकला, बादली टाकली. सकाळी तळी, आणि सासूबाई म्हणजे… तुम्ही बघितल्या नाहीत ते बरं. डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण बोटांनी सगळं बघायच्या. घोडा, मागं बाई, खाली कुत्रं. मी माझ्या पोराच्या, रामकृष्णाच्या, दप्तरातून हा काढला, मागची पिन पकडीनं मोडली आणि ठेवला.”

“त्यांना कळलं न्हाई?”

“बोट फिरवलं. म्हणाल्या, बकुळे, देव हलके लागतात गं आज. मी म्हटलं, घासून घासून झिजले.” काकूंनी डब्याची कडी उगीच नीट केली. “चार वर्षांनी गेल्या. जाताना त्यालाच हात जोडून गेल्या. मग मी कुठे काढू?”

गल्लीत जगन्नाथानं गाडीला एक किक मारून पाहिली.

“रामकृष्ण आठ दिवस रडला. बिल्ला जग्गूनं चोरला म्हणून. जग्गूला त्याच्या बापानं उंबऱ्यात उभं करून मारलं. मी बघितलं, चौकटीतूनच. रामकृष्ण आता नोएडात असतो, केस पिकले, पण फोनवर अजून विचारतो, तो चोर तिथंच राहतो का गं?” त्या थांबल्या. “पहिला रोडगा जग्गूला वाढते. तेवढंच झालं माझ्याच्यानं.”

“काकू, तुमचा देव हाय तो,” हणमंत म्हणाला. “म्या काय बोलनार न्हाई.”

“ते कळलं. पण मागाल असं वाटलं होतं. तळीच्या वेळेला तुमचा चेहरा बघितला ना.”

“मागनारच होतो.”

“मग?”

हणमंतानं थोडा वेळ बुटाची नाडी नीट केली. “माझ्याकडं अकरा हायती, काकू. लई जपतो. मखमलीवर ठेवल्याती. पर त्यातल्या एकालाबी कुनी कधी हात जोडलं न्हाईत.”

काकूंनी डबा सोडला. मग कमरेची पिशवी उघडून त्यातून कागदाची एक बारीक पुडी काढली आणि डब्यावर ठेवली.

“भंडारा आहे. घरी जाऊन उघडा.”

जगन्नाथानं मोटरसायकल गेटाबाहेर काढली. मोकळा रस्ता लागल्यावर मान न वळवता म्हणाला, “सुभेदार साब, कुत्ते का नाम बड़े ज़ोर से लिया आपने.”

हणमंतानं डबा छातीशी धरला.

“मैं गच्ची पे था उस दिन,” जगन्नाथ म्हणाला. “पतंग काढत होतो. काकूंना पकडीनं पिन तोडताना बघितला मी.”

“आनि मार खाल्लासा?”

“बोलता तो काकू को पडती. और ज़्यादा पडती.” समोर गाय आली, त्यानं गाडी वळवली. “मग दुसऱ्या साल पहिली बाटी मला आली. काका, दादी, सबके पहले. आप ही बताओ, ऐसी पोस्ट कौन छोड़ता है?”

“काकूला सांगून टाकायचं न्हाई का एकदा?”

“सांगितला तर अनंत काकाला जाएगी पहिली.”

बसस्टँड येईपर्यंत तो हसत होता, की थंडीनं दात वाजत होते, हे मागून कळलं नाही.

बबीन्याच्या क्वार्टरमध्ये पोहोचल्यावर हणमंतानं वर्दीची बटणं घासताना अंथरतो तसा पेपर टेबलावर अंथरला आणि पुडी उघडली. पिवळ्या भंडाऱ्यात बोट घातलं. आत एक पिन होती. टोक बोथट, कडी गंजलेली, मोडल्या जागी डाळीएवढा पांढरा धातू चिकटलेला. त्यानं ती फुंकली नाही, पुसली नाही. भिंतीवरची फळी उतरवली आणि पिन बाराव्या खाचेत आडवी ठेवली. थोडा भंडारा मखमलीवर सांडला, तो तसाच राहू दिला.

पुष्पा डब्यातला रोडगा मोडत मागे येऊन उभी राहिली. तिनं आधी फळीकडे बघितलं, मग नवऱ्याच्या कपाळाकडे.

“ही नुसती पिन हाय की. बिल्ला कुठाय?”

हणमंतानं फळी खिळ्याला अडकवली आणि सरळ आहे का ते दोन पावलं मागे होऊन पाहिलं.

“ड्यूटीवर,” तो म्हणाला.