मागच्या चाकांचे लायनर

दादाचा फोन आला तेव्हा मी बाबांच्या गाडीशेजारी स्टुलावर बसून ब्रेकविषयी वाचत होते. बाबा गेल्यापासून गाडीचं मी एवढंच करत होते. गाडी जागची हलत नव्हती, पण माझं ज्ञान सुसाट चाललं होतं.

"रविवारी गाडीला गिऱ्हाईक येतंय," दादा म्हणाला. "ब्रेक तळाला गेल्याशिवाय लागत नाही, आई त्या गाडीत पाय ठेवत नाही, तू बसनं फिरतेस. मग ती काय शोकेसमध्ये ठेवायचीय?"

"ब्रेक मी दुरुस्त करते."

"तू? तुला बरणीचं झाकण उघडत नाही."

"झाला दुरुस्त, तर?"

"तर आईला शेजारी बसवून आपल्या उतारावरून एक चक्कर मार. आई बसली तर गिऱ्हाईकाला मी नको म्हणून सांगतो. जा."

पैज आपणच जिंकणार हे धरून चालणारा माणूस जितक्या उदारपणे बोलतो, तितक्या उदारपणे तो बोलला.

गाडी गॅरेजात द्यायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण ब्रेकला परक्याचा हात नको, असं बाबा म्हणायचे. त्यांचा हट्ट माझ्याकडे वारशानं आला. हात मात्र आला नाही.

सुट्या भागांच्या दुकानात मी पूर्ण तयारीनिशी गेले. मागच्या चाकांत ड्रम असतो, ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू असतात, त्यांवरचा घासला जाणारा थर, म्हणजे लायनर, झिजला की ब्रेक उतरतो, हे सगळं मी दुकानदाराला गाडीच्या सालासकट समजावून सांगितलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण काउंटरवर दुसरं कोणी नव्हतं.

"त्या साली कंपनीनं मधेच ड्रमचं माप बदललं," तो म्हणाला. "तुमची आधीची की नंतरची?"

"बाबांची," मी म्हणाले.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नमुना घेऊन या, ताई."

दुसऱ्या दिवशी मी नमुना नेला. एका चाकाचा नेला असता तर ते शहाणपण झालं असतं. मी दोन्ही चाकं काढली, दोन्ही ड्रम उतरवले, चारही शू काढले, आणि सगळ्या स्प्रिंगा, पिना, पट्ट्या बिस्किटांच्या एकाच डब्यात गोळा केल्या. कामात हयगय नको म्हणून.

दुकानदारानं माझा एक शू नव्यावर ठेवून पाहिला. तंतोतंत जुळला. मग त्यानं पिशवीत डोकावलं. "चारही आणलेत?"

"चुकायला नको म्हणून."

"अहो, एक बाजू तशीच ठेवायची असते. तिच्याकडे बघून दुसरी बसवायची." त्याला हसू आवरेना. "आता बघणार कशात?"

"पुस्तकात," मी म्हणाले, आणि हे बोलताना मान जरा ताठच केली.

पोटासाठी मी दुसऱ्यांची पुस्तकं तपासते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मला शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका सापडल्या. सापडली नाही ती स्प्रिंगेची जागा. आकृतीवर बाबांच्या बोटाचा ग्रीसचा ठसा होता, नेमका जिथे बाण दाखवले होते तिथे. मी वरची मोठी स्प्रिंग आधी ताणून बसवली, की खालून शू निसटायचे. खालून धरले, की स्प्रिंग उडून कपाटामागे जायची. असं करता करता मी गुडघ्यावर बसून कपाटामागे झाडू घालत होते, तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

बाबा गेल्यापासून ती घरच्या गॅरेजमध्ये आली नव्हती. आताही उंबऱ्याशीच थांबली. डब्यातला पसारा तिनं पाहिला, माझं तोंड पाहिलं.

"काजळ लावलंयस का?"

"ग्रीस आहे. आई, तू असायचीस ना बाबांबरोबर? हे कसं बसवतात?"

"मला काय ठाऊक? मी विजेरी धरायचे."

"पण दिसत तर असेल."

"मी कशाला चाकात बघतेय? मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. ते फार बोलायचे."

"कोणाशी?"

"स्प्रिंगेशी. आधी खाली, अगदी हळू आवाजात, 'नतद्रष्ट'. मग मधे बोटानं काहीतरी दाबून थोडंसं फिरवायचे. तेव्हा लाडात यायचे. 'बस गं माझे राणी.' आणि सगळ्यात शेवटी वर, पक्कड घेऊन, 'तुझ्या बैलाला!' की अंगठा तोंडात."

मी हातातल्या मोठ्या स्प्रिंगेकडे पाहिलं. म्हणजे ही शेवटी. खालची आधी, मधल्या पिना नंतर, वरची शेवटी.

"पुन्हा सांग," मी म्हणाले.

आईनं कप खाली ठेवला. खिळ्यावरची विजेरी काढली, दोनदा तळहातावर आपटली, आणि ती लागली. मग माझ्या उजव्या खांद्यामागे, कोणी न सांगता, येऊन उभी राहिली.

"नतद्रष्ट," ती म्हणाली. खालची बसली.

"बस गं माझे राणी." पिना बसल्या. दुसरी जरा आढेवेढे घेऊन.

वरच्या स्प्रिंगेच्या वेळी आईनं विजेरी आणखी जवळ आणली. पक्कड घट्ट धरली, ओढली, स्प्रिंग खाचेत गेली, आणि जाता जाता माझा अंगठा घेऊन गेली.

"तुझ्या बैलाला!" मी ओरडले.

"हां," आई म्हणाली. "बसली."

दुसऱ्या चाकाला आम्ही पहिल्याकडे बघून काम केलं. दुकानदाराचं म्हणणं बरोबर होतं. फारच सोपं जातं.

आधी मी एकटीनंच गाडी गल्लीत पुढेमागे करून, पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. ब्रेक निम्म्यावर लागत होता. मग आई बसायला आली. साडी बदलून.

उताराच्या तोंडाशी मला बरणीचं झाकण आठवलं. गाडी खाली निघाली, मी ब्रेक दाबला, आणि कोपऱ्यावरच्या भिंतीच्या बऱ्याच अलीकडे आम्ही थांबलो. थोडं डावीकडे ओढून, पण थांबलो. आईचा पाय तिच्या बाजूच्या मॅटवर गच्च रोवलेला होता.

"ते हळू थांबवायचे," ती म्हणाली.

तेवढ्यात दादाचा फोन आला. मी हात पुढे करायच्या आत तिनं तो घेतला.

"त्या माणसाला येऊ नको म्हणावं," ती म्हणाली. "हो, गाडीतच बसलेय... छे, हिच्यावर कसला विश्वास? हिनं चारही शू एकदम काढले होते." तिनं काच खाली केली. "पण विजेरी मी धरली होती."